ढोरडॉक्टरांचा चौकोनी बैल

नाणे हातात आले की ढोरडॉक्टर आधी ते उलटे करत. राजाचे तोंड खाली, जनावर वर. ज्या नाण्यावर जनावर नाही ते नाणे त्यांनी दुसऱ्यांदा पाहिल्याचे मला आठवत नाही. इतर संग्राहक राजा कोण, टांकसाळ कुठली, अक्षरे किती शिल्लक आहेत असे विचारतात. डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला होता : "जनावर कसं आहे?" मग भिंग डोळ्याशी धरून ते पाय, खूर, पोट, मान या क्रमाने वर सरकत. दवाखान्यात आलेली गाय तपासण्याचा त्यांचा क्रमही हाच होता.

ते अमळनेरच्या गुरांच्या दवाखान्यात होते. सरकारी कागदावर त्यांचा हुद्दा दीड ओळीचा होता. तालुक्यात मात्र सगळे त्यांना ढोरडॉक्टर म्हणत. पाटलांपासून मामलेदारांपर्यंत हेच नाव चाले आणि त्यांना त्यात कमीपणा वाटत नसे. उंची बेताची, खाकी अर्धी पँट, गुडघ्यापर्यंत मोजे, डोक्यावर काळी टोपी. हातांना नेहमी फिनेलचा वास.

मी त्या वेळी जळगावच्या एका साप्ताहिकात बातमीदार होतो. अमळनेरच्या गुरांच्या प्रदर्शनाची बातमी मी दिली होती आणि पहिल्या आलेल्या बैलाला 'चार दाती' लिहिले होते. अंक निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टर आगगाडीने जळगावला आले, कचेरीत शिरले आणि खुर्ची न घेता म्हणाले, "तो बैल सहा दाती आहे. तुम्ही त्याचं वय वर्षभराने कमी केलंत. उद्या हा अंक दाखवून कोणी तो विकला तर?"

संपादकांनी दुरुस्ती छापण्याचे कबूल केले.

"कुठल्या पानावर?"

"जागा असेल तिथे."

"जिथे चूक, तिथे दुरुस्ती. जखम पायाला आणि मलम शिंगाला, असं नको."

दुरुस्ती पहिल्या पानावर गेली. त्यानंतर बातमीदारीत मी हा नियम शक्य तेव्हा पाळला. डॉक्टरांशी माझी ओळख झाली ती अशी.

त्यांचा नाण्यांचा नाद पहिल्या महायुद्धातला. बसऱ्याला खेचरांच्या लष्करी इस्पितळात ते दोन वर्षे होते. तिथल्या एका सराफाचे खेचर पोटशूळाने लोळत होते; डॉक्टरांनी ते उभे केले. सराफाने पैसे पुढे केले, ते त्यांनी घेतले नाहीत. तेव्हा त्याने चांदीचे एक जाड नाणे त्यांच्या हातावर ठेवले. एका बाजूला सिंहाचे कातडे डोक्यावर ओढलेला तरुण, दुसऱ्या बाजूला आसनावर बसलेला देव आणि त्याच्या पसरलेल्या हातावर गरुड. "मी त्या रात्री गरुड नाही पाहिला, सिंहाचं कातडं पाहिलं," ते सांगत. "जबड्याखाली गाठ कुठे मारायची, आयाळ कुठे दुमडते, सगळं बरोबर आहे. हा ठसा खोदणारा माणूस कातडी सोलणाऱ्याशेजारी बसला असणार. दोन हजार वर्षांपूर्वी इतकं नीट पाहणारी माणसं होती, हे मला कोणी सांगितलं नव्हतं."

पुढे मुंबईचा एक व्यापारी त्यांना टपालाने ग्रीक नाणी पाहायला पाठवू लागला. पसंत पडले तर ठेवायचे, नाहीतर परत. ठेवलेल्यांपैकी एक घुबडाचे होते : अंग बाजूला वळलेले, तोंड मात्र सरळ आपल्याकडे, मागे ऑलिव्हची डहाळी. "घुबड असंच बघतं. अंग न हलवता," डॉक्टर म्हणत. "कमी रेषांत, पण खोटी एकही नाही." एकदा पंख असलेल्या घोड्याचे नाणे आले. सुंदर होते; मलाही दिसत होते. डॉक्टरांनी ते तीन दिवस ठेवले आणि परत पाठवले. सोबतची चिठ्ठी त्यांनी मला वाचून दाखवली : "पंख खांद्याच्या सांध्यातून निघतात. त्यामुळे पुढचे पाय उचलता येणार नाहीत. जनावर उडेल, चालणार नाही. परत करीत आहे." व्यापाऱ्याने उत्तरात लिहिले की ही देवाची सवारी आहे. डॉक्टरांनी कार्डावर उत्तर दिले, "देवालाही उतरावे लागेलच."

नाणे घासणाऱ्या माणसावर ते चिडत. मळ काढू नका, असा त्यांचा सगळ्यांना उपदेश असे. आठवडी बाजारात बायका गळ्यातल्या माळेतले जुने नाणे त्यांना दाखवत, तेव्हाही आधी हीच ताकीद. आणि नाणे चांगले निघाले तर ते काय आहे, किती जुने आहे, हे मालकाला सांगितल्याशिवाय ते किंमत विचारत नसत. सांगून झाल्यावर बहुतेक वेळा मालक नाणे पुन्हा फडक्यात बांधी आणि घरी नेई. मी म्हणालो, "डॉक्टर, या पद्धतीने तुमचा संग्रह वाढायचा नाही."

"नाही वाढला तर लहान राहील," ते म्हणाले. "लहान जनावर आजारी नसतं."

एकाच नाण्यासाठी मात्र ते बेचैन असत. ग्रीक राजे हिंदुस्थानात आले, राहिले, त्यांनी इथे चांदीची नाणी पाडली. त्यातले एक नाणे चौकोनी. एका बाजूला हत्ती आणि भोवती ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूला वशिंडाचा बैल आणि भोवती इथली लिपी. राजाचा मुखवटा नाहीच. दोन्ही बाजूंना जनावर! "त्यांच्या मुलखातल्या बैलाला वशिंड नसतं," डॉक्टर समजावून सांगत. "हा माणूस इथे आला, त्याने आपला बैल पाहिला आणि कोरला. परक्याने केलेली आपल्या गुरांची ही पहिली नोंद आहे." भडोचकडून आलेली दोन झिजकी नाणी त्यांनी पाहिली होती. त्यात बैल होता असे मानावे लागे. त्यांना पाय मोजता येतील असा बैल हवा होता.

तो त्यांना पारोळ्याच्या अलीकडे, बोरी नदीकाठच्या एका खेड्यात सापडला, तोही पोळ्याच्या दिवशी. सजवलेले बैल पाटलांच्या दारासमोर उभे होते. पाटील घंगाळातले पाणी आंब्याच्या डहाळीने बैलांवर शिंपडत होते आणि घंगाळाच्या तळाशी काहीतरी चौकोनी चमकत होते. डॉक्टरांनी वाकून पाहिले आणि ते तसेच वाकून राहिले. पाटलांना सगळे गाव आबा म्हणे. आबांनी नाणे काढून त्यांच्या हातावर ठेवले.

"हाऊ आमना हत्ती," आबा म्हणाले. "मन्हा आजाले हीर खंदता सापडना."

आजोबांना विहीर खणताना सापडलेला तो हत्ती तेव्हापासून पाटलांच्या देवघरात होता. गावात गुरे आजारी पडली की नाणे पाण्यात ठेवायचे आणि ते पाणी गुरांना पाजायचे. गावाला हत्तीशी कर्तव्य होते. मागच्या बाजूला बैल आहे हे कोणी फारसे पाहिलेही नव्हते. डॉक्टरांनी नाणे उलटे केले. चार पाय, चारी खूर वेगळे. वशिंड मागे किंचित कललेले. गळ्याखालची पोळी लोंबती. नंतर त्यांनी मला सांगितले, "मी त्याचे दात बघायला निघालो होतो."

नाणे काय आहे हे त्यांनी नेमाप्रमाणे आबांना सांगितले. राजा यवन, म्हणजे ग्रीक, होता, नाणे दोन हजार वर्षांचे आहे, अक्षरांत राजाचे नाव आहे आणि त्याने स्वतःला 'त्राता' म्हणवले आहे. आबांनी शांतपणे ऐकले आणि नाणे पुन्हा घंगाळात सोडले. डॉक्टरांनी मागितले नाही. पण पुढची तीन वर्षे ते प्रत्येक पोळ्याला त्या गावात जात. कारण विचारले तर म्हणत, "गुरं बघायला."

चौथ्या वर्षी, उन्हाळ्यात, आबांच्या बैलाला पोटफुगी झाली. निरोप पोचला तेव्हा बैल आडवा झाला होता. डॉक्टरांनी जाऊन कुशीत नळी खुपसली, हवा सोडली, आणि बैल तासाभरात उठून उभा राहिला. आबा ओट्यावर बसले होते. मग म्हणाले, "डाक्टर, एवढा पोया व्हई जाऊ द्या. मंग हाऊ हत्ती तुमना."

पोळा झाला की नाणे तुमचे. डॉक्टर त्या आठवड्यात जळगावला आले होते. कचेरीत त्यांनी दोनदा चहा मागवला. एरवी ते एकदाही घेत नसत.

पोळ्याला पंधरा दिवस उरले असताना शेजारच्या गावात बुळकांडी आली. या रोगाची ओळख खानदेशातल्या वाचकाला करून द्यायला नको. डोळे गळतात, तोंड सडते, जुलाब लागतात आणि आठवड्यात गोठा रिकामा होतो. त्या वर्षांत टोचणीची नवी लस आली होती. निरोगी जनावराला टोचली तर रोग लागत नसे, मात्र एक-दोन दिवस ताप येई. लोकांना तापच दिसे. सुईनेच रोग आणला, अशी बोलवा गावोगाव होती.

मी साथीची बातमी घेण्यासाठी डॉक्टरांबरोबर निघालो. बैलांच्या दमणीत बर्फात ठेवलेली लस, सुयांचा डबा, स्पिरिटचा स्टोव्ह आणि आम्ही दोघे. गावात शिरलो तेव्हा पाटलांच्या ओट्यासमोर माणसे जमलेली होती. भांडण टोचणीवरून चालले असेल असे मला वाटले. ते नाण्यावरून होते. आबांनी हत्ती देऊन टाकण्याचा शब्द दिला आहे, ही गोष्ट बाहेर फुटली होती.

"आबा, तुम्ही देव काढी देवाले निंघनात, म्हनीसन बुयकांडी उनी," एक जण म्हणाला. देव घराबाहेर काढायला निघालात, म्हणून रोग आला. आबा खाली मान घालून बसले होते.

दुसरा डॉक्टरांकडे वळला. "सुई तुमनी तुमनाजोडे ठेवा, डाक्टर. आमले हत्तीनं पाणी पुरं शे."

"शेजारच्या गावात काल अकरा गेली," डॉक्टर म्हणाले.

"तठे हत्ती कोठे व्हता?"

शेजारच्या गावात खरोखरच हत्ती नव्हता.

आबा उठले, आत गेले आणि नाणे फडक्यात गुंडाळून घेऊन आले. त्यांनी डॉक्टरांना ओट्याच्या कडेला बोलावले. मी हाताच्या अंतरावर होतो, म्हणून मला ऐकू आले. "मी शबद देयेल शे," ते म्हणाले. "पोयानी वाट नका पाहू. आजच लई जा. गावले मी पाही लिसू." आजच घेऊन जा, गावाचे मी बघून घेईन. पुडके त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिलेसुद्धा.

डॉक्टरांनी फडके सोडले. नाणे उलटे केले. पाय, खूर, पोट, मान. क्रम तोच होता, पण वेळ थोडा अधिक लागला. मग त्यांनी स्टोव्ह ओट्यावर मांडायला सांगितले, सुया उकळायचे पितळी पातेले पाण्याने भरले, सुया आत टाकल्या आणि जमलेल्या सगळ्या माणसांना दिसेल अशा उंचीवरून नाणे त्या पातेल्यात सोडले.

"वीस मिनिटं उकळायचं," ते मोठ्याने म्हणाले आणि खिशातले घड्याळ काढून समोर ठेवले. "सुया हत्तीच्या पाण्यातून निघतील. आणि हा हत्ती आजपासून या गावातून कुठे जायचा नाही. मी नेणार नाही, दुसऱ्या कोणाला नेऊ देणार नाही. आबांचा शब्द मी परत केला आहे."

पाणी उकळेपर्यंत कोणी जागचे हलले नाही. वाफ निघू लागल्यावर आबांना बोल लावणाऱ्या माणसाने शेजाऱ्याला हळूच सांगितले, "आते सुई हत्तीनी व्हयनी." सुई आता हत्तीची झाली. पहिला बैल आबांनी आणला, उन्हाळ्यात वाचलेला तोच. दिवस मावळेपर्यंत गावातली सगळी गुरे टोचून झाली.

दुसऱ्या दिवशी गुरांना ताप आला आणि लोक डॉक्टरांना शिव्या देण्यासाठी शाळेच्या पडवीत आले. आम्ही तिथेच मुक्काम केला होता. डॉक्टर म्हणाले, "उद्या संध्याकाळी या. तेव्हाही द्याव्याशा वाटल्या तर द्या." दुसऱ्या संध्याकाळी गुरे वैरण खाऊ लागली होती. कोणी आले नाही. त्या साथीत शेजारच्या गावात गोठेच्या गोठे ओस पडले. या गावात तीन जनावरे गेली. तिन्ही टोचणीच्या आधीच आजारी होती.

परतताना मी विचारले की हे सगळे छापू का. डॉक्टरांनी नको म्हटले. "कोणी म्हणेल नाण्याने वाचली, कोणी म्हणेल डॉक्टरने फसवलं. किती गुरं टोचली आणि किती जगली, एवढं छापा."

"आणि फसवलंत नाही?"

"मी एकही वाक्य खोटं बोललो नाही. सुया त्याच पाण्यातून निघाल्या." थोडे अंतर गेल्यावर ते पुन्हा म्हणाले, "नाणं स्वच्छ होतं. उकळल्याने चांदीला काही होत नाही." त्यांना स्वतःला हे सांगायचे असावे. मी बातमीत आकडे दिले, नाणे दिले नाही.

उकळल्याने खरोखरच काही झाले नाही. जे झाले ते पुढे. बोरीकाठच्या इतर गावांनी ऐकले आणि प्रत्येक गाव म्हणू लागले, सुई टोचायची तर हत्तीच्या पाण्यातली. आबा माणूस बरोबर देऊन नाणे पाठवत. परत आले की देव बाहेर जाऊन आला म्हणून आबांची बहीण, सगळे तिला अक्का म्हणत, ते चिंच आणि राखेने खसाखसा घासून देवघरात ठेवी. वर्षातून एकदा घासले जाणारे नाणे साथीच्या दिवसांत आठवड्यातून दोनदा घासले जाऊ लागले.

डॉक्टरांनी अक्काला समजावण्याचा प्रयत्न केला. "अक्का, नुसतं पाण्यातून काढा. घासू नका. झिजतं ते."

"डाक्टर, तुम्ही रोज आंघोय करतस ना?" अक्का म्हणाली. "मंग देवनी कसाले नही करानी?"

"मी राख लावून करत नाही."

"म्हनीसन अंगले फिनेलना वास येस!"

ओट्यावरच्या सगळ्या बायका हसल्या. डॉक्टरही हसले. घासणे चालू राहिले.

दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ते टोचणीला गेले, तेव्हा आबा मोठ्या खुशीत पुढे आले. उकळत्या पाण्यातून चिमट्याने नाणे काढताना आदल्या खेपेला डॉक्टरांचे बोट भाजले होते. आबांनी पारोळ्याला सोनाराकडे जाऊन त्यावर उपाय करून आणला होता. नाण्यात भोक पाडून त्यांनी रेशमी दोरा ओवला होता.

"तुमना हातले चटका बसे नही म्हनीसन भोक पाडी लिधं," आबा म्हणाले. "आते दोरावर सोडा, दोरावर काढा."

हत्तीला धक्का लागू नये म्हणून सोनाराने काळजीपूर्वक जागा निवडली होती. हत्तीच्या डोक्यावरची मोकळी जागा. मागच्या बाजूला तिथे बैलाचे वशिंड होते.

मी त्या दिवशी नव्हतो. डॉक्टरांबरोबर असलेल्या कंपाउंडरने मला सांगितले की डॉक्टरांनी नाणे उलटे केले, पाहिले, आणि आबांना म्हणाले, "बरं केलंत. फार सोय झाली." मग दोऱ्याने नाणे पाण्यात सोडले. त्या दिवशी त्यांनी घड्याळ काढले नाही. कंपाउंडरने वेळ मोजला.

पुढे डॉक्टर पेन्शनीत गेले. त्यांच्या जागी आलेले नवे डॉक्टर तरुण होते. असले प्रकार सरकारी कामात चालणार नाहीत असे त्यांनी पहिल्याच फेरीत गावाला सुनावले. गावाने गुरे रानात हाकून दिली. तेव्हा धुळ्याला राहायला गेलेले ढोरडॉक्टर मोटारीने पारोळ्यापर्यंत आणि तिथून दमणीने त्या गावात गेले, नव्या डॉक्टरांच्या शेजारी उभे राहिले आणि नाणे आपल्या हाताने पातेल्यात सोडून आले. त्यानंतर साथ आली की त्यांना बोलावणे येई. गुडघे दुखत असतानाही ते जात. चार-पाच वर्षे हे चालले. आबा वारले, त्यांचा मुलगा पाटील झाला, तरी चालले.

धुळ्याच्या घरी मी त्यांना शेवटचा भेटलो तेव्हा दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. त्या नाण्याची मी चौकशी केली. "हत्ती दिसतो अजून, उजेड तिरपा धरला तर," ते म्हणाले. "बैल गेला. खूर आधी गेले, मग पोट."

"वाईट वाटतं?"

"वाटतं. दर वेळी मीच हातात घेतो ना. किती गेला ते मला दिसतं. दुसऱ्या कोणाला दिसत नाही." मग त्यांनी विषय बदलला आणि जळगावच्या बाजारात त्या वर्षी बैल कसे आले होते ते विचारले.

त्याच वर्षीच्या हिवाळ्यात ते गेले. संग्रह अमळनेरच्या एका शाळेला द्यावा असे त्यांनी लिहून ठेवले होते. कुटुंबीयांच्या सांगण्यावरून पेटी पोचवायला मी गेलो. सागवानी पेटी, आत मखमल लावलेला ट्रे, त्यात सुताराने कोरलेली गोल घरे. प्रत्येक घरात एक नाणे, प्रत्येकाखाली डॉक्टरांच्या बारीक अक्षरातली चिठ्ठी. सिंहाचे कातडे, घुबड, बाकीची जनावरे. सगळी मिळून एकोणीस. मुख्याध्यापक यादीशी ताडून बघत होते. मध्यभागी एक घर चौकोनी होते आणि ते रिकामे होते.

"एक गहाळ दिसतंय," मुख्याध्यापक म्हणाले.

मी त्या घराखालची चिठ्ठी वाचून दाखवली. डॉक्टरांनी लिहिले होते : 'हत्ती आणि वशिंडाचा बैल. चांदी. वजन अडीच मासे होते. वापरात आहे.'